पदवीच्या वर्गात जीवशास्त्र आले कसे?

चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये केंब्रिजची पदवी परीक्षा पास झाला, तेव्हा त्या परीक्षेत जीवशास्त्राचा एकही पेपर नव्हता. युक्लिडची भूमिती, बीजगणित, प्राचीन भाषा आणि विल्यम पेली या धर्मशास्त्रज्ञाचे विचार एवढ्या भांडवलावर तो पदवीधर झाला. हेन्स्लो या प्राध्यापकांची वनस्पतिशास्त्राची व्याख्याने तो आवडीने ऐकायचा, त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडायचा. पण तो सगळा हौसेचा मामला होता, त्याला गुण नव्हते. सजीवांचा रीतसर अभ्यास तेव्हा बराचसा वैद्यकाच्या आश्रयाने चाले. शरीररचना शिकायची ती डॉक्टर होण्यासाठी आणि झाडे ओळखायची ती औषधांसाठी. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानांची वेगळी परीक्षा पहिल्यांदा झाली १८५१ मध्ये.

परीक्षा आली म्हणून शिकवणे बदलले असे मात्र नाही. प्राध्यापक बोलणार, टेबलावरचा नमुना दुरून दाखवणार, मुले उतरवून घेणार. माझ्या मते खरे वळण आले ते १८७१ च्या उन्हाळ्यात, आणि तेही पदवीच्या वर्गात नव्हे. टी. एच. हक्सली या जीवशास्त्रज्ञांनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात शाळामास्तरांसाठी एक वर्ग घेतला. आधी व्याख्यान, आणि मग लगेच तोच जीव सूक्ष्मदर्शकाखाली किंवा विच्छेदनाच्या ताटलीत. ऐकलेले स्वतःच्या डोळ्यांनी पडताळल्याशिवाय पुढे जायचे नाही. सगळी सृष्टी शिकवत बसण्यापेक्षा हक्सलींनी मोजके प्रतिनिधी निवडले: यीस्ट, अमीबा, नेचे, हायड्रा, गोड्या पाण्यातला शिंपला, क्रेफिश, बेडूक. एच. एन. मार्टिन या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी १८७५ मध्ये यावर प्रात्यक्षिकांचे पुस्तकही काढले. त्यात क्रम साध्याकडून गुंतागुंतीकडे, म्हणजे यीस्टपासून बेडकाकडे होता. पुढच्या सुधारित आवृत्तीत तो उलटा झाला आणि बेडूक पहिल्या पानांवर आला. नवख्या मुलाला दिसणारा, हाताळता येणारा प्राणी आधी द्यावा, की न दिसणारी पेशी आधी, हा वाद आजही अभ्यास मंडळाच्या बैठकीत तितक्याच तावातावाने होऊ शकतो.

हे मार्टिन १८७६ मध्ये अमेरिकेत नव्याने निघालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले आणि प्रयोगशाळेची रीत सोबत घेऊन गेले. त्याच विभागातून १८९० मध्ये टॉमस हंट मॉर्गन डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. पदवीचा विद्यार्थी कुठवर मजल मारू शकतो, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण या मॉर्गन यांच्याच खोलीत घडले.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली ती खोली लहान होती. दुधाच्या बाटल्यांत केळ्याच्या गरावर फळमाश्या वाढत. बाटल्या धुण्याच्या कामाला ठेवलेल्या कॅल्विन ब्रिजेस या विद्यार्थ्याने जाड काचेतूनच एका माशीचे डोळे वेगळ्या लाल छटेचे असल्याचे हेरले आणि बाटल्या धुणे सोडून तो संशोधनाला लागला. दुसरा होता आल्फ्रेड स्टर्टेव्हंट. १९११ मध्ये तो पदवीचेच शिक्षण घेत होता. काही गुण पिढ्यान्‌पिढ्या जोडीने उतरतात, पण कधीमधी ही जोडी फुटते, हे तोवर दिसले होते. मॉर्गन यांच्याशी बोलताना त्याच्या डोक्यात आले, की जोडी जितकी जास्त वेळा फुटते तितकी ती दोन जनुके गुणसूत्रावर लांब असली पाहिजेत. आकडेवारी घेऊन तो घरी गेला, कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारला आणि रात्रीचा बराच वेळ जागून जगातला पहिला जनुक-नकाशा काढला. शंभरात एकदा जोडी फुटते तेवढे अंतर एक धरून १९१३ मध्ये छापलेल्या नकाशात पिवळ्या शरीराचे जनुक ० वर, पांढऱ्या डोळ्यांचे १.० वर, शेंदरी डोळ्यांचे ३०.७ वर, आखूड पंखांचे ३३.७ वर आणि खुरट्या पंखांचे ५७.६ वर आहे. आज हीच गणिते पदवीच्या जनुकशास्त्राच्या पेपरात पाच-सहा गुणांना येतात आणि निम्मा वर्ग त्यावर अडखळतो. गृहपाठ बुडवून सुचलेली गोष्ट पुढच्यांचा गृहपाठ होऊन बसली.

प्रगत जीवशास्त्राचा पुढचा प्रवास बराचसा असाच आहे. डीएनएची रचना १९५३ मध्ये कळली, १९६६ पर्यंत जनुकीय संकेत उलगडला, १९८० च्या दशकात डीएनएच्या तुकड्याच्या भराभर प्रती काढणारे पीसीआर हे तंत्र आले, आणि प्रत्येक गोष्ट संशोधकाच्या टेबलावरून काही वर्षांत प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उतरली. अभ्यासक्रमातली जागा मात्र तेवढीच, त्यामुळे काहीतरी बाहेर जाणे भाग होते. बाहेर गेले ते मुख्यतः वर्गीकरण आणि रानातला अभ्यास. हे काही गुण्यागोविंदाने झाले नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक जेम्स वॉटसन आणि मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन हे दोघे १९५६ पासून हार्वर्डला एकाच विभागात होते आणि त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. पुढे विभागच दुभंगला. रेणूंचा अभ्यास जिंकला, हे खरे. पण पीसीआर सराईतपणे करणाऱ्या मुलाला समोरचे झाड ओळखता येत नसेल, तर हा सौदा स्वस्तात पडला असे मला वाटत नाही.

एकविसाव्या शतकात मागणी आणखी वाढली. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ च्या अहवालात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणित, भौतिकशास्त्र आणि संगणन अधिक पक्के हवे असे बजावले. गणित नको म्हणून जीवशास्त्र घेणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली.

दुसरा बदल हक्सलींच्या रीतीलाच एक पाऊल पुढे नेणारा आहे. हक्सलींच्या टेबलावर उत्तर आधीच माहीत असे. २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका उपक्रमात पहिल्या वर्षाची मुले माती खणून जिवाणूभक्षी विषाणू शोधतात, त्याला नाव देतात, त्याचा जीनोम म्हणजे सगळा जनुकीय मजकूर वाचून जनुके चिन्हांकित करतात. अशा शोधाला खेळ म्हणून हसण्यात अर्थ नाही. दक्षिण आफ्रिकेत एका विद्यार्थिनीला सडक्या वांग्यावर 'मडी' नावाचा असाच जिवाणूभक्षी विषाणू सापडला होता. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या संसर्गाने ग्रासलेल्या एका किशोरवयीन मुलीच्या उपचारात तो वापरला गेला, आणि २०१९ मध्ये तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. मुलांनी चिन्हांकित केलेल्या जनुकांपैकी अनेकांचे काम काय, हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसते. तेव्हा पेपर तपासताना गुण द्यायचे कशाला, हे त्या विभागांना नव्याने ठरवावे लागते आहे.