अन्नपूर्णा (मॉरिस एर्झोग यांचे आत्मकथन)

फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस एर्झोग यांनी 1950 च्या हिमालय मोहिमेवर लिहिलेले पुस्तक. मूळ फ्रेंच आवृत्ती 1951 ची. ‘लिहिलेले’ म्हणायचे इतकेच. मोहिमेत हिमदंशाने, म्हणजे गोठून, हातांची बहुतेक बोटे गेलेली असल्याने त्यांनी ते पॅरिसजवळच्या रुग्णालयात पडून सांगितले. आपल्याकडे अन्नपूर्णा म्हणजे नवरीने माहेरून आणलेली, पळी हातात धरलेली देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती. हे नाव नेपाळमधल्या 8,091 मीटर उंचीच्या शिखरालाही आहे. विदर्भातले चिखलदऱ्याचे वैराट जेमतेम बाराशे मीटर, त्यावरून अंदाज यावा.

आठ हजार मीटरवरच्या कोणत्याही शिखरावर तोवर माणूस पोहोचला नव्हता. नकाशे चुकीचे असल्याने पर्वताची वाट शोधण्यातच पुष्कळ दिवस गेले आणि पुढे पावसाळा उभा राहिला. विदर्भातल्या वाचकाला पुस्तकाचा हा भाग वेगळाच लागतो. 3 जून, म्हणजे इथे नवतपा नुकताच सरलेला, वखरून ठेवलेल्या वावरात धूळपेरणी करावी की मिरगाची वाट पाहावी याचा घोर. जो मान्सून इथे हवा असतो, तोच तिथे शिरला की हिमस्खलनांनी परतीची वाट बंद. त्याच दिवशी एर्झोग आणि त्यांचे सोबती लुई लाशनाल कृत्रिम प्राणवायूविना शिखरावर पोहोचले.

पुस्तकाचे खरे बळ उतरणीच्या प्रकरणांत आहे. पिशवी उघडायला एर्झोग हातमोजे काढून ठेवतात आणि ते उतारावरून घरंगळत जातात. पिशवीत जादा पायमोजे होते, ते हातात घालता आले असते. पण हे त्यांना सुचलेच नाही. विरळ हवेत डोके कसे बधिरते, हे याहून नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल. पुढे मोहिमेतलेच लिओनेल तेरे आणि गास्तों रेब्युफा यांच्यासह चौघांनी बर्फाच्या भेगेत रात्र काढली. सकाळी तेरे-रेब्युफांना बर्फाच्या चकाकीने दिसेना आणि बाकीच्या दोघांना हिमदंशाने धड चालवेना. मग हमालांच्या पाठीवरून, भर पावसात परतीचा प्रवास. डॉक्टर जाक उदो वाटेतच बोटे कापत होते, अगदी भारतातल्या रेल्वेच्या डब्यातसुद्धा. तो भाग जेवताना वाचू नये.

पुस्तकाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्याचे सांगतात. मात्र त्यातली एकदिलाची मोहीम आता तशीच्या तशी मान्य होत नाही. मोहिमेतल्या सदस्यांकडून, पाच वर्षे काही प्रसिद्ध करणार नाही, असे लिहून घेतले होते. लाशनाल 1955 मध्ये बर्फाच्या भेगेत पडून वारले; त्यांचे लेखन पुढच्या वर्षी काटछाट करून छापले गेले, पूर्ण रूपात ते 1996 मध्ये आले. शिखराखाली लाशनाल विचारतात, मी परत फिरलो तर तू काय करशील? एर्झोग म्हणतात, एकटा पुढे जाईन. पुस्तकात ही दोघांच्या एकमताची जागा आहे. लाशनालांच्या मते, पाय गोठत असल्याचे कळूनही ते वर गेले, कारण एकटे सोडले असते तर एर्झोग परत आलेच नसते.