मिड-इंजिन आणि रिअर-इंजिन: स्वप्नातलं गॅरेज भरण्याआधी

स्वप्नातल्या गॅरेजचा खेळ सगळ्यांना माहीत आहे. पाच गाड्यांची जागा, पैशाला मर्यादा नाही, सर्व्हिसिंगची काळजी नाही. चार जागा पटापट भरतात आणि पाचवीपाशी घोडं अडतं. तिथे कुणीतरी हमखास म्हणतं, "फेरारी एफ४० घेतली आहेच ना? मग पोर्शे ९११ कशाला? दोन्हींचं इंजिन मागेच. एकाच प्रकारच्या दोन गाड्या ठेवून काय करायचं?" आणि ९११ यादीतून जाते.

हा गोंधळ मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी तितकाच अस्वस्थ होतो. एफ४० मिड-इंजिन आहे, ९११ रिअर-इंजिन. दोन्हींचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आहे हे खरं, पण त्यावरून त्या एका जातीच्या ठरत नाहीत.

पुढे इंजिन असलेल्या गाड्यांबद्दल फार सांगायला नको, त्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. होंडा एस२००० सारख्या काही गाड्यांत इंजिन पुढे असूनही पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे सरकवलेलं असतं. त्याला फ्रंट-मिड म्हणतात. तेवढं लक्षात ठेवलं की पुरे.

घोळ होतो तो मागच्या बाजूला, आणि तो सोडवायला एकच रेषा पाहायची: मागच्या दोन चाकांना जोडणारी, म्हणजे मागच्या ॲक्सलची. इंजिन त्या रेषेच्या पुढे, सीट आणि चाकं यांच्या मधोमध बसलं असेल तर गाडी मिड-इंजिन. रेषा ओलांडून मागच्या बंपरच्या दिशेने लटकत असेल तर रिअर-इंजिन. मिड-इंजिन गाडीत सीटपासून मागे निघालात तर आधी इंजिन लागतं, मग चाकं. ९११ मध्ये आधी गिअरबॉक्स, मग चाकं आणि सगळ्यात शेवटी इंजिन. पोर्शेच्याच बॉक्सस्टर आणि केमनमध्ये हा क्रम उलटा आहे: तसलंच आडव्या सिलिंडरांचं इंजिन, पण इंजिन-गिअरबॉक्सची जोडी अर्धा फेरा फिरवून बसवलेली. एकाच कंपनीच्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत एवढा फरक असतो आणि लोक तरी केमनला "छोटी ९११" म्हणतात. हे ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं, दोन्ही गाड्यांसाठी.

गोंधळाचं मूळ जुनं आहे. १९३० च्या दशकातल्या ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांत ड्रायव्हर पुढे, त्याच्यामागे पेट्रोलची टाकी, तिच्यामागे इंजिन आणि मग मागची चाकं अशी मांडणी होती. १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्राबम कूपरच्या गाडीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, तिचीही मांडणी तीच. दोन्ही अस्सल मिड-इंजिन. पण तेव्हा बाकी बहुतेकांची इंजिनं पुढे होती, म्हणून या गाड्यांना सरसकट "मागे इंजिनवाल्या" म्हटलं गेलं. त्या काळात तेवढ्याने भागत होतं. आज एकाच यादीत एफ४० आणि ९११ शेजारी शेजारी बसतात, तिथे ते पुरत नाही.

आता ही रेषा ओलांडल्याने नेमकं काय बदलतं ते पाहू. एक हातोडी घ्या आणि दांड्याच्या टोकाला धरून मनगटातून फिरवा. लोखंडी डोकं दुसऱ्या टोकाला असल्यामुळे ती वळायला नाखूश असते, आणि एकदा वळू लागली की थांबायलाही तितकीच नाखूश. आता तीच हातोडी डोक्यापाशी धरून फिरवा. वजन तेवढंच, पण ती चटकन वळते आणि चटकन थांबते. गाडीचंही असंच आहे. इंजिन हा तिच्यातला सगळ्यात जड भागांपैकी एक. तो मध्याजवळ असला की गाडी स्टिअरिंगच्या इशाऱ्यावर वळते. तो मागच्या टोकाला असला की वळणाची सुरुवात आणि शेवट दोन्ही तुम्हाला प्रयत्नाने घडवून आणावे लागतात.

९११ मध्ये साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असतं. त्यामुळे वळणात शिरताना पुढची चाकं हलकी असतात आणि नाक सरळ जायला पाहतं. म्हणून ब्रेक एकदम सोडायचा नाही. हलका दाबून ठेवतच वळायचं, म्हणजे वजन पुढे येतं आणि पुढचे टायर रस्ता पकडतात. वळणाच्या मध्यानंतर मात्र चित्र पालटतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी मागे बसते, ताकद मिळणाऱ्या चाकांवर आधीच भार असतो, आणि इतर गाड्यांची चाकं जिथे जागीच फिरली असती तिथून ९११ सुटते. ब्रेक लावतानाही फायदा होतो. वजन पुढे सरकलं तरी मागे बरंच उरतं, त्यामुळे चारही चाकं थांबवायचं काम करतात.

धोका आहे तो मधल्या क्षणात. वेगाने वळत असताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तर वजन पुढे जातं, मागच्या टायरांवरचा दाब कमी होतो, आणि ॲक्सलपलीकडे लटकणारं इंजिन बाहेरच्या दिशेने झोकांडी घेतं. शेपूट फिरू लागतं, आणि हातोडीसारखंच ते आवरणं अवघड असतं. १९७५ मध्ये आलेल्या पहिल्या ९११ टर्बोची ख्याती यातूनच झाली. ३ लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, आणि टर्बोची ताकद पाय दाबल्यावर काही क्षणांनी एकदम यायची. ती वळणाच्या मधोमध आली की ड्रायव्हर दचकून पाय उचलायचा आणि त्यानंतरचं काम इंजिनाचं वजन करायचं.

याच्या उलट टोकाची समजूतही मला तितकीच खटकते: मिड-इंजिन म्हणजे बिनधोक. मिड-इंजिन गाडीची पकड सुटण्याची मर्यादा वर असते हे मान्य. पण ती मर्यादा ओलांडलीत तर वळायला उत्सुक असलेली तीच गाडी गिरकी घ्यायलाही उत्सुक असते, आणि सावरायला वेळ फार कमी मिळतो. १९८९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा एमआर२ ची याच कारणाने ओरड झाली आणि टोयोटाला सस्पेन्शन सुधारावं लागलं.

रिअर-इंजिन मांडणी ही पोर्शेची चूक होती आणि कंपनी हट्टाने ती सांभाळत बसली, असंही ठामपणे सांगितलं जातं. १९४८ मध्ये पोर्शेच्या नावाची पहिली गाडी रस्त्यावर आली, तिचं इंजिन ॲक्सलच्या पुढे होतं. म्हणजे त्यांना मिड-इंजिन ठाऊक होतं. त्याच वर्षी ३५६ या मॉडेलसाठी त्यांनी इंजिन ॲक्सलच्या मागे नेलं, कारण सीटमागे माणसांना आणि सामानाला जागा हवी होती. ९११ मधल्या त्या दोन चिमुकल्या मागच्या सीट त्याच निर्णयाचं फळ आहेत. एफ४० मध्ये त्या जागी इंजिन आहे.

किंमत मोजावी लागली, हेही खरं. सुरुवातीच्या काही ९११ च्या पुढच्या बंपरच्या आत नाक जड करण्यासाठी ओतीव लोखंडाची वजनं बसवली होती. १९६९ च्या मॉडेलला यापेक्षा चांगला उपाय सापडला. इंजिन जागचं हललं नाही, मागची चाकंच ५७ मिलिमीटर मागे सरकवली. रेषा इंजिनाच्या दिशेने ढकलली, एवढंच. पुढे १९९३ मध्ये दाखवलेल्या ९९३ ला, म्हणजे ९११ च्या त्या पिढीला, मल्टिलिंक (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरणारं) मागचं सस्पेन्शन मिळालं आणि शेपटाचा स्वभाव बराच निवळला.

यावर लगेच उत्तर येतं की पोर्शेने २०१७ च्या ९११ आरएसआर या रेसिंग गाडीत इंजिन ॲक्सलच्या पुढे आणलंच ना! आणलं. मागे मोठा डिफ्युझर, म्हणजे गाडीखालची हवा वळवून तिला रस्त्याकडे ओढणारा भाग, बसवायला जागा हवी होती आणि इंजिन आडवं येत होतं. पण खासगी संघांना विकल्या जाणाऱ्या ९११ जीटी३ आर मध्ये इंजिन आजही मागेच आहे, आणि तीही रेसिंगचीच गाडी. त्यामुळे आरएसआरवरून सगळ्या ९११ चा निकाल लावू नये.

बाहेरून ओळखायची झाली तर दरवाजा आणि मागचं चाक यांच्यामधलं अंतर बघा आणि चाकामागे किती गाडी उरते ते बघा. मागच्या सीट दिसल्या तर बहुधा रिअर-इंजिन, पण लोटस इव्होरा अपवाद आहे. डिलोरियन भल्याभल्यांना फसवते. चपटं नाक आणि वर उघडणारे दरवाजे पाहून सगळे तिला मिड-इंजिन समजतात, पण तिचं व्ही६ ॲक्सलच्या मागे आहे. आवाज, डिकी, काचेतून दिसणारं इंजिन हे फरक निवडीच्या कामाचे नाहीत. इंजिन काचेखाली मांडून ठेवलं की गाडी थोर होते ही समजूत तर सोडून द्यावी.

माझ्या पाच जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या इंजिनासाठी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. मिड-इंजिनासाठी १९९० ची होंडा एनएसएक्स, कारण ॲल्युमिनियमच्या त्या गाडीने मिड-इंजिन रोज चालवता येतं हे दाखवून दिलं. एफ४० मला प्रिय असली तरी ती जागा एनएसएक्सचीच. रिअर-इंजिनासाठी १९७३ ची ९११ करेरा आरएस २.७, २१० अश्वशक्ती आणि मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर. रेसिंगच्या मान्यतेसाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या, पण शेवटी १,५८० बनल्या.

उरलेल्या दोन जागा एकाच नावाच्या दोन गाड्यांना. एक जुनी अल्पाइन ए११०, जिच्या ॲक्सलमागे इंजिन आहे. १९७३ मध्ये जागतिक रॅली स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी उत्पादकांचं विजेतेपद तिने मिळवलं. दुसरी २०१७ ची नवी ए११०. वजन ११०० किलोच्या आसपास, १.८ लिटरचं टर्बो इंजिन, आणि ते ॲक्सलच्या पुढे. गोल दिवे तेच, नाकावरची रेघ तीच. आधी जुनी घेऊन घाटात जावं, एका वळणात ब्रेक धरून शिरावं, वळणाच्या मध्यावर पाय दाबावा. मग परत येऊन नवी काढावी आणि त्याच वळणावर न्यावी.