गुरांच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी

मेंदूतल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असतं ते एंडोथेलियल पेशींचं. एक-दोन पेशी गोल वळल्या की नळी पूर्ण होते. न्यूक्लियसचा फुगवटा सोडला तर जाडी पाव मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे साध्या मायक्रोस्कोपखाली फार काही कळत नाही, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो (आपल्याकडे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात आहे).

स्नायूतल्या केशवाहिनीच्या मानाने इथे माल वाहणाऱ्या पिशव्या कमी, माइटोकॉन्ड्रिया जास्त, आणि शेजारशेजारच्या पेशींच्या कडा टाइट जंक्शनने घट्ट बंद. त्यात क्लॉडिन-५ आणि ऑक्लुडिन ही मुख्य प्रथिनं. बाहेरून बेसमेंट मेंब्रेन हा पातळ पापुद्रा, त्यातच गुंडाळलेल्या पेरिसाइट या आधार देणाऱ्या पेशी, मग अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या ताऱ्यासारख्या मदतनीस पेशींची पावलं.

रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत शिरू न देणारा अडथळा नेमका कुठे, यावर बरीच वर्षं वाद चालला. १८८५ च्या सुमारास एर्लिखने रक्तात रंग टोचला तर मेंदू सोडून सगळं रंगलं, पण त्याने कारण दिलं की मेंदूच्या ऊतीला रंगाची ओढच नाही. १९१३ मध्ये गोल्डमनने ट्रायपॅन ब्लू हा रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, मेंदू छान रंगला आणि ते कारण टिकलं नाही. ‘रक्त-मेंदू अडथळा’ (ब्लड-ब्रेन बॅरियर) या नावाचं श्रेय बऱ्याच पुस्तकांत लेवांडोव्स्कीला (१९००) देतात, पण त्याच्या लेखात तो शब्दच सापडत नाही असं अलीकडे दाखवलं गेलंय, त्यामुळे १९२१ च्या लीना स्टर्नकडे श्रेय जाणं जास्त योग्य वाटतं. पुढे काही जण अडथळा अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पावलांत आहे म्हणायचे, ते १९६७ मध्ये रीज आणि कार्नोव्स्कीने उंदरांवर निकाली काढलं: रक्तात सोडलेलं पेरॉक्सिडेज हे एंझाइम एंडोथेलियल पेशींच्या सांध्यापाशीच अडकलेलं दिसलं.

या पेशी प्रयोगशाळेत वाढवायला गुरांचा मेंदू वापरात आला तो १९८० च्या दशकात, कारण एकाच मेंदूतून भरपूर करडा भाग मिळतो. वरची आवरणं सोलायची, करडा भाग वाटून नायलॉनच्या जाळीतून गाळायचा, जाळीवर केशवाहिन्या राहतात, मग पेशी सुट्या करायला कोलॅजिनेज हे एंझाइम. थरात वाढल्यावर पेशी चातीसारख्या लांबट दिसतात, पण एकट्या वाढवल्या तर सांधे सैल पडत जातात. १९९० मध्ये फ्रान्समधल्या लील शहरातल्या गटाने उंदराच्या अ‍ॅस्ट्रोसाइटसोबत वाढवून ते घट्ट ठेवले. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला आणि २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत कुणाला कत्तलखान्यातून मेंदू घ्यायचा तर तो म्हशीचाच.

पशुवैद्यकात या पेशी थेट निदानाला लागतात. आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांवरच्या, गोचिडांतून पसरणाऱ्या हार्टवॉटर रोगात मेलेल्या जनावराच्या मेंदूचा चिमूटभर तुकडा दोन स्लाइडमध्ये दाबून ओढतात, जीम्सा रंग देतात, आणि एंडोथेलियल पेशीत न्यूक्लियसच्या बाजूला जांभळ्या ठिपक्यांचा पुंजका दिसला की निदान पक्कं (हा जंतू काउड्रीने १९२५ मध्ये वर्णिला). गोचिडांमुळेच होणाऱ्या बबेशिया बोव्हिसच्या रोगात जंतू एंडोथेलियल पेशीत शिरत नाही, बाधित तांबड्या पेशी केशवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून नळी भरून टाकतात.