प्लॅटफॉर्मनिहाय बिघाड (मुक्तस्रोत डेटाबेस सॉफ्टवेअर)

प्लॅटफॉर्मनिहाय बिघाड : एकच मूळ कोड एका यंत्रावर विनातक्रार बांधला जातो (म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम तयार होतो), चाचण्याही पार करतो आणि दुसऱ्या यंत्रावर मात्र बांधणीत किंवा चाचणीत अडतो, या प्रकाराला ही संज्ञा लावतात. प्लॅटफॉर्म म्हणजे येथे प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, सी लायब्ररी, फाइल सिस्टिम आणि लोकेल (भाषा व प्रदेशानुसारची सेटिंगे) या सगळ्यांचा जोड. यांतला एक घटक बदलला तरी प्लॅटफॉर्म बदलला असे धरतात. डेटाबेस सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी अंगाशी राहून काम करते. सामायिक स्मृती, सिग्नल (प्रक्रियांना पाठवायच्या सूचना), फाइल डिस्कवर नक्की पोचल्याची हमी, मजकुराचा वर्णक्रम, अपूर्णांकांचे गणित हे सगळे त्याला लागते, म्हणून असे बिघाड त्याच्या वाट्याला जास्त येतात. शिवाय त्याची चूक डिस्कवर लिहिली जाते आणि तेथेच राहते. प्रस्तुत नोंदीत भर पोस्टग्रेस (पोस्टग्रेसएसक्यूएल) या डेटाबेसवर आहे. मायएसक्यूएल व एसक्यूलाइट यांचा विचार शेवटी थोडक्यात केला आहे.

बिल्ड फार्म : निरनिराळ्या यंत्रांवर आपोआप बांधणी करून निकाल एका तक्त्यात जमा करण्याच्या प्रथेचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. मोझिला प्रकल्पाची टिंडरबॉक्स ही प्रणाली १९९० च्या दशकाच्या अखेरीस वापरात होती आणि हिरव्या (पास) व लाल (नापास) चौकटींचा तक्ता बहुधा तिच्यामुळेच रूढ झाला. सांबा प्रकल्पाचे बिल्ड फार्मही पोस्टग्रेसच्या आधीचे. पोस्टग्रेसचे बिल्ड फार्म अँड्र्यू डन्स्टन यांनी २००४ मध्ये सुरू केले. तक्त्याकडे पाहिले तर टिंडरबॉक्स हे त्याचे मूळ ठरते. मात्र या प्रथेत यंत्रे कोणाची हा मुद्दा अधिक मोलाचा आहे. येथे स्वयंसेवक आपापली यंत्रे देतात, त्यांवरचा कंपायलर व बांधणीचे पर्याय तेच ठरवतात आणि मध्यवर्ती यंत्रणा फक्त निकाल गोळा करते. त्या दृष्टीने सांबाशी असलेले नाते जवळचे वाटते.

‘फार्म’ या शब्दाला धरून प्रत्येक सदस्य यंत्राला एका प्राण्याचे नाव मिळते, त्यामुळे विकासकांच्या बोलण्यात ‘अमुक प्राणी लाल झाला’ अशी वाक्ये सर्रास येतात. यंत्रावरची स्क्रिप्ट ताजा कोड आणते, कॉन्फिगर (तयारी), मेक (बांधणी), चेक (चाचणी) या क्रमाने पुढे जाते आणि जेथे अडेल त्या पायरीचे नाव लॉगसह पाठवते. निम्मे निदान पायरीच्या नावातच असते. कॉन्फिगरच्या पायरीवर अडलेले यंत्र बहुधा लायब्ररी किंवा हेडर फाइल सापडत नाही म्हणून अडते. पडद्यावर तेवढ्यापुरती एक ओळ दिसते. खरा संदेश कॉन्फिग डॉट लॉग या फाइलीत, पडलेल्या छोट्या चाचणी-प्रोग्रामच्या वर असतो.

अपेक्षित निकालाचा प्रश्न : पोस्टग्रेसची मूळ चाचणीपद्धत साधी आहे. एसक्यूएल आज्ञा चालवायच्या, आलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ओळीओळीने ताडून पाहायचा आणि फरक रिग्रेशन डॉट डिफ्स या फाइलीत लिहायचा. दोन प्लॅटफॉर्म वेगळे पण दोन्ही बरोबर उत्तर देत असतील, तर एकाच चाचणीला शेवटी आकडा लावलेल्या पर्यायी अपेक्षित फाइली देता येतात. त्यांतली कोणतीही एक जुळली की चाचणी पास. एकही जुळली नाही, तर ज्या फाइलीशी सर्वांत कमी ओळींचा फरक आहे तीच निवडून तिचा फरक दाखवला जातो. नवख्या माणसाची येथेच फसगत होते. त्याच्या यंत्राच्या लोकेलशी संबंध नसलेली फाइल ‘सर्वांत जवळची’ ठरते आणि तो भलत्याच ओळींचा अर्थ लावत बसतो. फरक कोणत्या फाइलीशी काढला आहे हे डिफच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असते. ते आधी वाचावे.

पर्यायी फाइली ठेवाव्यात की चाचणीच अशी लिहावी की सर्वत्र एकच उत्तर येईल, याबद्दल दोन विचार आहेत. पहिल्या मार्गाने प्लॅटफॉर्मचे वैशिष्ट्य नोंदले जाते. पण चाचणीत एक ओळ वाढवली की सगळ्या पर्यायी फाइली दुरुस्त कराव्या लागतात, आणि ज्या यंत्रासाठी फाइल आहे ते हाताशी नसेल तर ही दुरुस्ती अंदाजानेच होते. प्रत्यक्षात पारडे दुसऱ्या मार्गाकडे झुकत गेले आहे आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. क्रमाची हमी हवी तेथे ऑर्डर बाय लिहिणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय. तो नसेल तर ओळींचा क्रम क्वेरी प्लॅनवर (क्वेरी कशी चालवायची याच्या आराखड्यावर) ठरतो. प्लॅन आकडेवारीवर ठरतो आणि आकडेवारी ऑटोव्हॅक्यूम ही मागे चालणारी साफसफाईची प्रक्रिया नेमकी कधी फिरली यावर. अशी चाचणी वर्षभर पास होऊन एखाद्या संथ यंत्रावर एका रात्री पडते.

अपूर्णांक : या बिघाडांचा सर्वांत जुना आणि सर्वांत चर्चिला गेलेला वर्ग अपूर्णांकांचा. इंटेलच्या जुन्या एक्स८७ गणित-एककात आकडे ८० बिटांच्या रजिस्टरमध्ये राहतात. स्मृतीत लिहिताना ते ६४ बिटांचे होतात. त्यामुळे मधले उत्तर रजिस्टरमध्ये राहिले की स्मृतीत गेले, म्हणजेच कंपायलरने त्या दिवशी काय ठरवले, यावर शेवटचा अंक बदलतो. जीसीसी या कंपायलरच्या दोषनोंदींत ३२३ क्रमांकाची नोंद याच तक्रारीची आहे. हा दोष कंपायलरचा की प्रोसेसरच्या रचनेचा, यावर बराच काथ्याकूट झाला. ६४ बिटी इंटेल यंत्रांवर थेट ६४ बिटांतच गणित करणाऱ्या एसएसई२ आज्ञा वापरात आल्या आणि व्यवहारात हा वाद मागे पडला. आता तो ३२ बिटी बांधणीतच डोके वर काढतो.

छपाईची बाजू याहून वेगळी. पोस्टग्रेस ११ पर्यंत दुहेरी अचूकतेचा आकडा मूळ सेटिंगमध्ये १५ अंकांपर्यंत छापला जाई, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ दिसे. २०१९ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीने उल्फ अॅडम्स यांची र्‍यू ही पद्धत स्वीकारली. परत वाचल्यावर तोच आकडा मिळेल असा सर्वांत लहान दशांश ती छापते, म्हणून तीच बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसू लागली. परिणामी पूर्वी गोलाई करून झाकले जाणारे शेवटच्या बिटाचे फरक उघड झाले आणि काही चाचण्यांत छापायच्या अंकांची संख्या मुद्दाम कमी करून ठेवावी लागली. शून्य आणि उणे शून्य यांतला फरक हा याच कुळातला. डिफमध्ये तो एका चिन्हाएवढा असतो आणि डोळ्यांतून हमखास निसटतो.

वर्णक्रम व लोकेल : ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीची २.२८ आवृत्ती प्रसिद्ध झाली व तिच्यासोबत वर्णक्रमाची सारणी बदलली. ‘१-१’ आणि ‘११’ या दोन ओळी अमेरिकी इंग्रजीच्या यूटीएफ-८ लोकेलमध्ये सॉर्ट केल्या तर जुन्या लायब्ररीत ‘११’ आधी येतो, नव्या लायब्ररीत ‘१-१’ (रोमन अंकांत लिहिल्यास). चाचणीत हा क्रमाचा किरकोळ फरक दिसतो. मात्र चालू डेटाबेसमध्ये जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स नव्या क्रमाने शोधला जातो, असलेली नोंद सापडत नाही, युनिक बंधनही (एक मूल्य एकदाच हा नियम) चुकते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर रीइंडेक्स करणे, म्हणजे इंडेक्स नव्याने रचणे, भाग पडते. चाचणीतला फरक ‘लोकेलचा आहे, सोडा’ म्हणून झटकू नये याचे हे ठळक उदाहरण. तुर्की लोकेलचा त्रास त्याहून जुना. तेथे मोठ्या रोमन आयचे लहान रूप बिनटिंबाचे होते, म्हणून एसक्यूएलचे राखीव शब्द ओळखताना पोस्टग्रेस लोकेल बाजूला ठेवून फक्त आस्की अक्षरांपुरते रूपांतर करते.

स्टॅक, सिग्नल व कर्नल : मुद्दाम स्वतःलाच अनंत वेळा बोलावणारे एक फंक्शन पोस्टग्रेसच्या चाचण्यांत आहे. स्टॅकची (फंक्शन चालताना लागणाऱ्या स्मृतीची) मर्यादा, जी मूळ सेटिंगमध्ये २ मेगाबाइट असते, ओलांडण्याआधी सर्व्हरने नीट त्रुटी द्यावी ही अपेक्षा. ६४ बिटी पॉवरपीसीच्या लिनक्स यंत्रांवर मात्र ही चाचणी मधूनच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन कोसळे, तीही क्वचित. मर्यादेची तपासणी चुकते आहे हा पहिला संशय. तो खरा निघाला नाही. दोष कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, होता. स्टॅक पॉइंटरच्या खाली २,०४८ बाइटांपेक्षा दूर कोणी लिहिले तर ती चूक समजायची, असा तेथे जुना नियम होता. मधल्या काळात सिग्नल पोचवताना कर्नल स्वतः स्टॅकवर जी चौकट लिहितो ती सुमारे ४ किलोबाइटांची झाली होती. स्टॅक वाढायच्या नेमक्या उंबरठ्यावर शेजारच्या प्रक्रियेचा सिग्नल आला की कर्नल आपल्याच नियमात अडके आणि प्रक्रिया मारली जाई. समांतर चाचण्यांतच हे घडे, कारण सिग्नल तेव्हाच येत. कर्नलमध्ये दुरुस्ती २०२० मध्ये झाली. क्वचित पडणारी चाचणी ‘पुन्हा चालवली, पास झाली’ म्हणून मिटवली असती, तर हा दोष आणखी काही वर्षे तसाच राहिला असता.

मसल या छोट्या सी लायब्ररीवरची अडचणही अशीच आडवळणाची. पीएस या आज्ञेने दिसणाऱ्या प्रक्रियांच्या यादीत प्रक्रियेचे काम दिसावे म्हणून पोस्टग्रेस सुरुवातीच्या आर्ग्युमेंट व एन्व्हायर्नमेंटच्या जागेवरच मजकूर लिहिते. मसलचा लोडर लायब्ररीचा मार्ग सांगणाऱ्या चलाची प्रत न ठेवता मूळ जागेकडे बोट दाखवून राहतो. त्यामुळे २०२४ मधल्या दुरुस्तीपूर्वी नंतर एखादे मॉड्यूल लोड करायला गेले की मार्गाच्या जागी प्रक्रियेचे शीर्षक वाचले जाई व फाइल सापडत नसे.

मॅक ओएसवरची गोष्ट अशाच चलाभोवतीची, पण साधी आहे. २०१५ पासूनचे सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन लायब्ररी-मार्गाचे चल पुढच्या प्रोग्रामपर्यंत पोचू देत नाही, म्हणून नुसते मेक चेक अडते. आधी मेक इन्स्टॉल करून घेतले की चालते. युनिक्स सॉकेटच्या पत्त्याला मॅकवर १०४ आणि लिनक्सवर १०८ बाइटांची जागा असल्याने खोल फोल्डरमध्ये केलेली बांधणीही कधी कधी निव्वळ नावाच्या लांबीमुळे पडते.

प्रोसेसरचे फरक : सी भाषेत कॅर हा (एक अक्षर साठवणारा) प्रकार चिन्हासह की चिन्हाविना हे ठरवलेले नाही. इंटेलवर तो चिन्हासह असतो, आर्म व पॉवरपीसीच्या लिनक्सवर बहुधा चिन्हाविना. तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरून करायच्या शोधासाठीच्या पीजी_ट्रग्म विस्ताराच्या इंडेक्सचा क्रम त्यावर अवलंबून होता, म्हणून इंटेलवरून आर्मवर प्रतिकृती चालवताना शोध चुकण्याची शक्यता राहिली. १८ व्या आवृत्तीपासून ही चिन्हाची बाब नियंत्रण-फाइलीत नोंदली जाते. दुसरा फरक स्मृतीतील लेखनक्रमाचा. इंटेलचा प्रोसेसर तो बराच पाळतो, आर्म व पॉवर पाळत नाहीत; मेमरी बॅरियर (लेखनक्रम पाळायला लावणारी आज्ञा) विसरलेला कोड इंटेलवर वर्षानुवर्षे चालतो. संरेखनाबाबत (आकडा ठरावीक पटीच्या पत्त्यावरच असण्याबाबत) स्पार्कसारखे प्रोसेसर कडक असून चुकीच्या पत्त्यावरून वाचताच बस एररने प्रक्रिया थांबवतात. असे यंत्र जवळ नसेल तर कंपायलरचे सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका पकडणाऱ्या तपासण्या) बऱ्याच अंशी तीच कामगिरी बजावतात.

विंडोज : पोस्टग्रेसची मूळ विंडोज आवृत्ती ८.० मध्ये, जानेवारी २००५ मध्ये आली. विंडोजमध्ये फोर्क, म्हणजे चालू प्रक्रियेची प्रत काढण्याची सोय, नाही. प्रत्येक जोडणीसाठी नवी प्रक्रिया उभी राहते आणि तिला सामायिक स्मृती नेमक्या त्याच पत्त्यावर जोडावी लागते. पत्ते यादृच्छिक करणारी सुरक्षाव्यवस्था तेथे एखादी डीएलएल (लायब्ररीची फाइल) ठेवून बसली की जोडणी फसते. उघडी फाइल पुसल्यावर ती काही काळ ‘पुसायची बाकी’ अवस्थेत राहते, त्यामुळे त्याच नावाची नवी फाइल लगेच तयार करणारी चाचणी कधी कधी पडते.

तपासाची रीत : एकच यंत्र लाल आहे की एका कुळातली सगळी, कोडच्या एकाच शाखेवर (आवृत्तीवर) की सर्व शाखांवर, आणि शेवटचे हिरवे कधी होते, या तीन प्रश्नांनी तपास सुरू होतो. दोन निकालांमधल्या कमिटांत (कोडच्या नोंदवलेल्या बदलांत) दर वेळी निम्मे वगळत जाणारे गिट बायसेक्ट चालवता येते. हजार कमिट असतील तरी सुमारे १० फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. अर्थात बिघाड दर वेळी घडत असेल तरच. सर्व शाखा एकाच दिवशी लाल झाल्या असतील, तर कोड सोडून यंत्राकडे पाहावे. कंपायलर अद्ययावत झालेला असतो, नाहीतर डिस्क भरलेली. लिनक्सवर सेमाफोर (प्रक्रियांचा मेळ राखणाऱ्या खुणा) अचानक नाहीसे झाले, तर सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे रिमूव्हआयपीसी हे सेटिंग तपासावे. वापरकर्ता लॉगआउट होताच ते त्याचे सेमाफोर पुसून टाकते. संथ यंत्रांसाठी चाचण्यांची १८० सेकंदांची मूळ मुदत वाढवता येते. मुदत वाढवून हिरवे झालेले यंत्र मात्र निःशंक मानू नये.

अन्य सॉफ्टवेअर : मायएसक्यूएल व मारियाडीबी यांची पद्धतही नोंदवलेल्या निकालाशी ताडण्याचीच. तेथे रेकॉर्ड हा पर्याय दिला की आलेला निकालच अपेक्षित म्हणून लिहिला जातो. सोयीची आणि तितकीच घातक सोय. टेबलांच्या नावांतील लहान-मोठी अक्षरे ठरवणारे सेटिंग युनिक्सवर ०, विंडोजवर १ व मॅकवर २ असते आणि अनेक चाचण्या एवढ्यावरूनच वेगळ्या वागतात. एसक्यूलाइटची फाइल सर्व यंत्रांवर बिग एंडियन क्रमातच (मोठ्या किमतीचा बाइट आधी) लिहिली जाते, त्यामुळे बिघाडांचा एक संपूर्ण वर्ग मुळातच टळतो. त्याच्या ३.४२ आवृत्तीच्या वेळी चाचणी-कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट असल्याचे प्रकल्पाने म्हटले आहे.

प्लॅटफॉर्म वगळणे : यंत्र चालवणारा कोणी उरला नाही की त्या प्लॅटफॉर्मचा आधार काढला जातो. पोस्टग्रेसने एचपी-यूएक्स १६ व्या आवृत्तीत व एआयएक्स १७ व्या आवृत्तीत वगळले. एआयएक्सवर डबल हा प्रकार ४ बाइटांवर आणि ६४ बिटी पूर्णांक ८ बाइटांवर संरेखित होई. असे अपवाद सांभाळण्यासाठी कोडमध्ये ठिगळे साचली होती आणि त्यांची नीट निगा राखायला कोणी पुढे आले नाही. वगळल्यानंतर त्या यंत्रांच्या लाल चौकटी जुन्या शाखांपुरत्याच उरल्या.