गोगोलचं 'नाक' हे स्वप्न नव्हेच

रशियन लेखक निकोलाय गोगोलच्या 'नाक' या कथेत नायक कोवाल्योवचं नाक चेहऱ्यावरून गायब होतं. तिच्याबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं ठोकून दिली जाते: हे सगळं कोवाल्योवला पडलेलं स्वप्न आहे. पुरावा काय, तर रशियनमध्ये 'नोस' म्हणजे नाक, आणि ते उलटं वाचलं की 'सोन', म्हणजे स्वप्न!

कोटी छान आहे, आणि ती अगदीच निराधारही नाही. सुरुवातीच्या एका मसुद्यात गोगोलने खरोखरच शेवटी नायकाला झोपेतून उठवलं होतं. पण १८३६ मध्ये कवी पुश्किनच्या 'सोव्रेमेन्निक' या नियतकालिकात कथा छापली गेली तेव्हा ती पळवाट त्याने काढून टाकली होती. उलट कोवाल्योवलाच शंका येते की आपण स्वप्नात तर नाही ना, की प्यायलोय? म्हणून तो स्वतःला असा करकचून चिमटा काढतो की ओरडतोच. दुखलं, म्हणजे जागा आहे.

दुसरा युक्तिवाद तारखांचा. नाक २५ मार्चला हरवतं, ७ एप्रिलला परत येतं. रशियाच्या जुन्या (ज्युलियन) आणि नव्या (ग्रेगोरियन) कालगणनेत १३ दिवसांचा फरक, म्हणजे दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या, म्हणून सारं एका रात्रीत घडलं म्हणे. इथे गणितच चुकतं. हा फरक १९०० नंतर १३ दिवसांचा झाला. गोगोलच्या काळी तो १२ दिवसांचा होता, म्हणजे २५ मार्चची नवी तारीख ६ एप्रिल येते.

आणि स्वप्नच मानलं, तर पावात नाक सापडलेल्या त्या बिचाऱ्या न्हाव्याचं काय करायचं? तोही कोवाल्योवच्याच झोपेत?