निझाम गेला, सर्किट राहिलं

हिंदी सिनेमाचा वितरक मराठवाड्याला आजही ‘निझाम’ म्हणतो. कमाईचे आकडे सर्किटवार, म्हणजे वितरणाच्या प्रदेशानुसार, मांडले जातात. त्यात विदर्भ सीपी-बेरारमध्ये (इंग्रजी अमदानीतला मध्य प्रांत-वऱ्हाड), पुणे-नाशिक मुंबई सर्किटमध्ये, आणि छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंतचा पट्टा तेलंगणाच्या जोडीला निझाम सर्किटमध्ये. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. वितरकांच्या वहीतली रेघ मात्र कुणी खोडली नाही.

सिनेमाचे हक्क प्रदेशवार विकले जात आणि प्रदेश आखले गेले ते तेव्हाच्या हद्दींवरून. निझामाच्या मुलखात चलन वेगळं होतं, निझामाच्या 7 हाली रुपयांना इंग्रजी राज्याचे 6 कलदार रुपये. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. अशा मुलखासाठी हैदराबादेत बसलेला वितरकच सोयीचा. शिवाय कचेरी आणि शाळा उर्दूत चालत. त्यामुळे 1931 नंतरच्या हिंदी बोलपटांतली उर्दू वळणाची भाषा इथल्या माणसाला परकी नव्हती. मराठवाड्याच्या हिंदी सिनेमाप्रेमाचं मूळ नुसत्या गाण्यांत शोधणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

प्रिंटचे डबे यायचे ते रेल्वेने. हैदराबाद-मनमाड ही मीटरगेज साधारण 1900 साली झाली आणि नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद या गावांची एकमेकांशी गाठ पडली. बीड शहराला मात्र कित्येक दशकं रेल्वेच नव्हती. रुळापासून लांबच्या तालुक्याला सिनेमा उशिरा पोहोचायचा, आणि पोहोचायचा तोही घासून घासून रेघा पडलेला. मोठ्या शहरांतून फिरून आलेल्या प्रिंटवर उभ्या ओरखड्यांचा अखंड पाऊस असे. गावोगाव फिरून तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या तंबूवाल्याच्या वाट्याला येई ती हीच प्रिंट.

तंबू फिरायचा जत्रांच्या मागे. मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा, महाशिवरात्रीला परळी आणि औंढा, फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडाई. हा काळ सुगीनंतरचा, हातात पैसा खुळखुळण्याचा. मृगाचा पाऊस सुरू झाला की कनाती गुंडाळायच्या, कारण काळ्या रानात रुतलेली मालमोटार आठ-आठ दिवस हलत नाही. परवाना जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचा. वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या टांगलेल्या हव्यात हा नियम विनाकारण नव्हता. 1950च्या आधीची नायट्रेट फिल्म भडकली की स्वतःच ऑक्सिजन सोडते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. बादलीचा उपयोग आग कनातीला लागू नये एवढ्यापुरताच. ॲसिटेटची ‘सेफ्टी’ फिल्म रुळल्यावर ही धास्ती संपली.

खरी कसरत प्रोजेक्टरपाशी. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 90 फूट. हजार फुटांचं रीळ 11 मिनिटांत संपतं, दोन हजारांचं 22 मिनिटांत. तीन तासांचा सिनेमा 16 हजार फुटांच्या वर जातो. पक्क्या थिएटरात दोन यंत्रं असत. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की ऑपरेटर दुसरं सुरू करी. एकाच यंत्रावर चालणाऱ्या तंबूत दर रिळाला अंधार ठरलेला, आणि त्या अंधारात चहा-शेंगदाणेवाल्यांचा धंदा.

उजेड कार्बनच्या दोन कांड्यांचा. टोकं भिडवून लगेच किंचित लांब केली की मधल्या फटीत ठिणगीची कमान पेटते. तिला डीसी वीज लागते, म्हणून जनरेटरपाशी एसीची डीसी करणारा रेक्टिफायर. कांड्या जळत जातात तशी फट रुंदावते, उजेड थरथरतो आणि ऑपरेटरने वेळेत कांड्या पुढे सारल्या नाहीत तर विझतो. तेव्हा तंबूत एकच गलका, शिव्या ऑपरेटरला.

आवाजाचं दुखणं वेगळं. ध्वनिपट्टी फिल्मच्या कडेलाच असते, पण चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे छापलेली, कारण आवाज वाचणारा भाग गेटच्या, म्हणजे फिल्म उजेडासमोरून सरकते त्या खिडकीच्या, खाली असतो. मधला लूप, म्हणजे फिल्मचा सैल सोडलेला वेढा, घाईत लहानमोठा पडला की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. जनरेटरची गती मंदावली की मोटर मंद होते आणि नायिकेचं गाणं भसाड्या पुरुषी सुरात उतरतं. ध्वनिपट्टीवर उजेड टाकणारा छोटा दिवा एसीवर जोडला तर घरघर येते. तुटलेली फिल्म जोडायची तर थर खरवडून फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, आणि दर जोडाला एखाद-दोन फ्रेम कमी. गाण्याच्या रिळांचं नुकसान जास्त. ती ‘वन्स मोअर’ला पुन्हा लावली जात.

गाणी तंबूबाहेर पोहोचली ती दोन वाटांनी. एक, कनातीवरचा भोंगा आणि दारात विकली जाणारी पातळ पुस्तकं, आत कथासार आणि गाण्यांचे शब्द. दुसरी, रेडिओ. बाळकृष्ण केसकर 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लागली. श्रोते श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळले. 1957 मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. केसकरांचा हेतू शास्त्रीय संगीताच्या भल्याचा असेल, पण जत्रेतल्या भोंग्याला त्यांचा नियम लागू नव्हता.

2000 नंतरच्या दशकात उपग्रहावरून सिनेमा उतरवणारे सर्व्हर आले, 2014च्या सुमारास नव्या सिनेमांच्या प्रिंट निघणं जवळपास थांबलं. डबा, सिमेंट, कार्बन गेले. सिनेमा ओरखड्यांचा पाऊस न पडता, शहराबरोबरच दिसू लागला. जनरेटर मात्र तोच राहिला आणि त्याची अडचण वाढली. कमान विझली तर कांड्या पुन्हा भिडवून अर्ध्या मिनिटात उजेड करता येई. व्होल्टेज घसरून सर्व्हर बंद पडला तर तो पुन्हा सुरू व्हायलाच कित्येक मिनिटं जातात, आणि जत्रेतलं पब्लिक एवढा वेळ थांबत नाही.