इतिवृत्त कायम करणे

इतिवृत्त कायम करणे : मागील सभेच्या कामकाजाची सचिवाने लिहिलेली नोंद सभासदांपुढे ठेवून, चुका असल्यास दुरुस्त करून, ती सभेची अधिकृत नोंद म्हणून स्वीकारण्याची संसदीय कार्यपद्धतीतील क्रिया. नियमित सभेच्या विषयपत्रिकेवर बहुधा हाच पहिला विषय असतो. तोवर इतिवृत्त हा सचिवाचा मसुदा असतो; कायम झाले की ते सभेचे होते.

‘कायम’ या शब्दामुळे एक गैरसमज घट्ट रुजला आहे. मागील सभेतील ठराव इतिवृत्त कायम झाल्यावरच पक्के होतात, असे अनेक सभासद धरून चालतात आणि तोवर अंमलबजावणी थांबवतात. ठरावात वेगळे म्हटले नसेल, तर अध्यक्षांनी निकाल जाहीर केला की तो तेव्हाच लागू होतो. इतिवृत्त कायम करताना सभा तो निर्णय पुन्हा घेत नाही. असा निर्णय झाला होता आणि तो बरोबर लिहिला गेला आहे, एवढीच ग्वाही ती देते. पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका भेदातून निघतात.

या विषयावर सर्वाधिक आधार घेतला जातो तो ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ या नियमग्रंथाचा. अमेरिकी सैन्यातील अभियंता अधिकारी हेन्री मार्टिन रॉबर्ट यांनी तो १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. बारावी आवृत्ती २०२० ची आहे. त्यातील रीत अगदी साधी आहे. इतिवृत्त वाचले जाते; प्रती आधीच वाटल्या असतील तर वाचन वगळता येते, मात्र एकाही सभासदाने आग्रह धरला तर वाचावे लागते. मग अध्यक्ष विचारतात, ‘काही दुरुस्त्या आहेत का?’ कोणी बोलले नाही, तर ते इतिवृत्त कायम झाल्याचे जाहीर करतात. सूचक, अनुमोदक, मतदान यांची गरज नसते. सुचवलेल्या दुरुस्तीवर दुमत झाले, तर तेवढ्या दुरुस्तीपुरते मत घेतले जाते आणि साधे बहुमत पुरते.

संपूर्ण इतिवृत्ताला ‘विरोध’ नोंदवण्याची सोय येथे नाही, आणि हे योग्यच आहे. नोंद फेटाळली तर सभेजवळ नोंदच उरणार नाही. ज्याला मजकूर मान्य नाही त्याने चूक कोठे आहे आणि बरोबर काय, हे सांगायचे. आक्षेपाचा तोच एक मार्ग. मागील सभेला हजर नसलेल्यांनी गप्प बसावे, हा समजही निराधार आहे. गैरहजर सभासदालाही दुरुस्ती सुचवण्याचा आणि मत देण्याचा पूर्ण हक्क असतो. ठरावाच्या लेखी प्रतीतला आकडा आणि इतिवृत्तातला आकडा जुळत नाही, हे कळायला त्या दिवशी सभागृहात असावे लागत नाही.

दुरुस्तीवरून होणारे बरेचसे वाद मुळात इतिवृत्तात काय असावे याविषयीचे असतात. सभेत काय केले गेले ते लिहायचे, कोण काय बोलले ते नव्हे, हा मूळ नियम. मुख्य ठरावांचे अंतिम शब्द, सूचकाचे नाव, निकाल, मते मोजली असतील तर दोन्ही बाजूंचे आकडे, हरकतीचे मुद्दे (सभेचा नियम मोडला जात असल्याच्या तक्रारी) आणि त्यांवर अध्यक्षांनी दिलेला सकारण निर्णय, एवढे यायला हवे. अनुमोदकाचे नाव सभेने सांगितल्याशिवाय लागत नाही. ‘मी केलेले भाषण आलेले नाही’ ही तक्रार म्हणूनच सहसा दुरुस्तीत बसत नाही. मान्य झालेली दुरुस्ती मूळ मसुद्यातच केली जाते. चालू सभेच्या इतिवृत्तात ‘दुरुस्तीसह कायम’ एवढाच उल्लेख येतो.

विशेष सभा स्वतःचे वा मागचे इतिवृत्त कायम करीत नाही. ते काम पुढील नियमित सभेचे. वर्षातून एकदाच भरणाऱ्या सभेने मात्र हा अधिकार कार्यकारिणीला किंवा छोट्या समितीला द्यावा. वर्षभरानंतर कोणाच्याच स्मरणावर विसंबता येत नाही.

कायम झाल्यावर सापडलेली चूक कितीही काळाने दुरुस्त करता येते, पण उंबरठा उंचावतो. पूर्वी स्वीकारलेल्या बाबीत बदल करण्याचा ठराव मांडावा लागतो. त्यासाठी दोन-तृतीयांश मते, किंवा पूर्वसूचना दिली असेल तर साधे बहुमत, किंवा एकूण सभासदसंख्येचे बहुमत लागते.

एखादा निर्णय रद्द करून त्याची नोंदही काढून टाकण्याचा ठराव याहून कडक आहे; त्याला एकूण सभासदसंख्येचे बहुमतच हवे. त्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकी सिनेटचे आहे. २८ मार्च १८३४ रोजी सिनेटने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या निंदेचा ठराव केला. सिनेटचे सदस्य थॉमस हार्ट बेंटन यांनी तो कामकाजाच्या नोंदीतून काढण्यासाठी चिकाटीने प्रयत्न केले आणि १६ जानेवारी १८३७ रोजी ते सफल झाले. तेव्हा सचिवाने वही आणून त्या मजकुराभोवती काळ्या रेघांची चौकट आखली आणि सिनेटच्या आदेशाने हा मजकूर काढल्याचे तारखेसह त्यावर लिहिले. पान फाडले नाही. रॉबर्टचा नियमही तेच सांगतो : रेघ मारावी, शेरा लिहावा, सही करावी, पण खालचे शब्द वाचता आले पाहिजेत, नाही तर सभेने सांगितले त्यापेक्षा अधिक काही काढले गेले का, हे तपासता येणार नाही.